सीईओचं ट्वीट आणि तुमचा प्रोटॉन मेल

नमस्कार मंडळी. प्रोटॉन मेल ही मजकूर कुलूपबंद ठेवणारी स्वित्झर्लंडची ईमेल सेवा. ‘प्रोटॉन मेल ठेवू की सोडू?’ हा प्रश्न कोणी विचारला, की बहुतेक वेळा त्याला एन्क्रिप्शनशी, म्हणजे मजकूर गुप्त करणाऱ्या त्या गणिती कुलपाशी, घेणंदेणं नसतं. त्याच्या डोक्यात कंपनीचे सीईओ अँडी येन असतात.

प्रकरण थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांनी अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या मक्तेदारीविरोधी विभागासाठी गेल स्लेटर यांचं नाव जाहीर केलं. येन यांनी एक्सवर या निवडीचं कौतुक केलं. इथवर ठीक होतं. गूगल-ॲपलच्या नावाने खडे फोडणाऱ्या कंपनीला असा विभाग तगडा हवाच असणार. पण पुढे त्यांनी जोडलं, की दहा वर्षांपूर्वी रिपब्लिकन हा बड्या उद्योगांचा पक्ष होता आणि डेमोक्रॅट सामान्य माणसाचा, आता सगळं उलटं झालंय. जानेवारीत हे ट्वीट पसरलं. लोक चिडले, तर कंपनीच्या अधिकृत खात्यावरून त्याच सुरात आणखी एक उत्तर आलं! मग ते काढून टाकलं, आणि मग ‘आम्ही राजकारणात तटस्थ आहोत’ असा खुलासा.

माझ्या मते ट्वीटपेक्षा ते अधिकृत खात्यावरचं उत्तर महागात पडलं. सीईओला मत असणारच. पण कंपनीचं खातं त्याची री ओढायला लागलं, की त्याला अडवणारं आत कोणी आहे का, अशी शंका येते. त्यात प्रोटॉन ही सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी काढलेली कंपनी. २०१४ मध्ये लोकांनी वर्गणी काढून तिला साडेपाच लाख डॉलर दिले होते. अशा गिऱ्हाईकाचा हिरमोड जास्त होतो.

बरं, हे काही एकाच बाजूचं दुखणं नाही. २०२२ मध्ये डकडकगो या सर्च इंजिनच्या गेब्रिएल वाइनबर्ग यांनी रशियन अपप्रचाराच्या साइट शोध निकालांत खाली ढकलू असं जाहीर केलं, तेव्हा उजवीकडची मंडळी रुसली. ब्रेव्ह ब्राउझरचे ब्रेंडन आइक तर समलिंगी विवाहाविरोधातल्या मोहिमेला २००८ मध्ये दिलेल्या १००० डॉलरच्या देणगीवरून २०१४ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या सीईओपदावरून पायउतार झाले होते.

यावर तंत्रज्ञांचं ठरलेलं उत्तर असतं: गणिताला पक्ष नसतो, ट्वीटने एन्क्रिप्शन तुटत नाही. हे अर्धंच खरं आहे. तुम्ही ब्राउझरमधून प्रोटॉन उघडता, तेव्हा मेल उलगडणारा कोड प्रोटॉनच्याच सर्व्हरवरून येतो. म्हणजे कुलूपवाला रोज दारात येऊन नवं कुलूप लावून जातो. कोड ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना बघायला खुला आहे, त्याची तपासणी होते, पण आज तुमच्या ब्राउझरमध्ये तोच कोड आला का, हे तुम्ही-आम्ही कुठे बघतो? तेव्हा माणसांवर विश्वास ठेवावाच लागतो, आणि माणसं काय बोलतात याकडे लोकांचे कान असतात. त्यात वेडगळ काही नाही.

पण आजवर पोलिसांच्या हाती नेमकं काय लागलं, तेही बघा.

[स्क्रीनवर: २०२१, फ्रान्स]

पॅरिसमधल्या पर्यावरण आंदोलकांचा तपास. फ्रेंच पोलिसांची मागणी युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेमार्गे स्वित्झर्लंडला गेली, स्विस आदेश निघाला आणि प्रोटॉनला आंदोलकांच्या खात्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, नोंदवून द्यावा लागला. त्यानंतर ‘आम्ही आयपी नोंदी ठेवत नाही’ हा दावा वेबसाइटवरून बदलला गेला.

[स्क्रीनवर: २०२४, स्पेन]

स्पेनपासून वेगळं होऊ पाहणाऱ्या कॅटलान चळवळीशी जोडलेलं टोपणनावाचं खातं. प्रोटॉनकडून मिळाला फक्त रिकव्हरी ईमेल, म्हणजे पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवायला दिलेला दुसरा पत्ता. तो होता ॲपलच्या आयक्लाउडचा. पोलीस ॲपलकडे गेले, तिथून खरं नाव आणि पत्ता मिळाला. दोन्ही वेळा मेलमधला मजकूर प्रोटॉनला देता आला नाही, कारण तो त्यांना वाचताच येत नाही.

याच्या शेजारी सिग्नल हे मेसेजिंग ॲप ठेवा. २०१६ मध्ये अमेरिकी ग्रँड ज्युरीचं समन्स आलं, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बस्स. कंपनीकडे जे नाहीच, ते सीईओ कुठल्याही पक्षाचा असला तरी देणार कुठून?

आणि प्रोटॉनच्या बाजूचंही सांगायला हवं. प्रोटॉनची व्हीपीएन सेवाही आहे, म्हणजे तुमचा आयपी पत्ता लपवणारी. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं साठवावी, असा आदेश आपल्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये काढला. प्रोटॉनने माहिती साठवण्याऐवजी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. मला त्या ट्वीटपेक्षा हे जास्त बोलकं वाटतं.

तर राहायचं असेल तर आज तीन कामं करा. सेटिंग्जमध्ये रिकव्हरी ईमेल कुठला आहे ते बघा. तुमच्या नावाचा जीमेल असेल आणि ओळख लपवणं गरजेचं असेल, तर तो काढून त्याऐवजी खातं परत मिळवून देणारी १२ शब्दांची रिकव्हरी फ्रेज कागदावर लिहून ठेवा. विषयाच्या ओळीत नाजूक काही लिहू नका. ती एंड-टू-एंड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल अशी, एन्क्रिप्ट होत नाही, आणि समोरचा जीमेलवर असेल तर साध्या मेलचा मजकूरही गूगलकडे राहतो. आणि पैसे भरून वापरत असाल, तर स्वतःचं डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणारं स्वतःच्या मालकीचं नाव, जोडा. म्हणजे उद्या येन आणखी काही बोलले आणि तुमचं डोकं फिरलं, तर बँकेपासून एलआयसीपर्यंत सगळीकडे पत्ता बदलत न बसता दुसरीकडे जाता येईल.