कान्सास सिटीची रात्र आणि तीन मिनिटांची तबकडी

श्रोतेहो, नमस्कार.

१९३६ साली अमेरिकेतील कान्सास सिटी या शहरात, बाराव्या रस्त्यावर, रेनो क्लब नावाचे एक लहानसे नृत्यगृह होते. पुढे काउंट बेसी या नावाने जगाला परिचित झालेले पियानोवादक विल्यम बेसी आपल्या नऊ जणांच्या वाद्यवृंदासह तेथे रात्र रात्र वाजवत असत. महामंदीमुळे देशभर नृत्यगृहांना टाळे लागत असताना या शहरातील संगीत मात्र चालूच होते, कारण टॉम पेंडरगास्ट या राजकीय पुढाऱ्याच्या आश्रयाखाली येथील गुत्ते आणि जुगारखाने पहाटेपर्यंत उघडे राहत आणि त्या सर्वांना वादक लागत. त्या राजवटीबद्दल चांगले बोलण्यासारखे फारसे काही नाही. पण घड्याळाकडे न पाहता वाजवण्याची जी मुभा तेथील कृष्णवर्णीय वादकांना मिळाली, तिच्यातून जॅझच्या स्विंग युगातील, म्हणजे नृत्यासाठी वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदांच्या काळातील, अतिशय मोकळे आणि तरीही लयीला अत्यंत पक्के असे संगीत घडले. वेळेचे बंधन नसण्यातूनच घडलेले हे संगीत तीन मिनिटांच्या तबकडीवर उतरवण्याची वेळ आली तेव्हा काय झाले, याविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

बेसी मूळचे कान्सास सिटीचे नव्हेत. त्यांचा जन्म १९०४ साली न्यू जर्सीतील रेड बँक या गावी झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत पियानोवादक फॅट्स वॉलर यांच्याकडून त्यांनी ऑर्गनचे धडे घेतले, फिरत्या नाटक कंपन्यांबरोबर ते गावोगाव हिंडले आणि अशीच एक कंपनी १९२७ साली कान्सास सिटीत मोडल्यामुळे ते तेथे अडकून पडले. मूकपटांना साथ करता करता ते वॉल्टर पेज यांच्या ब्लू डेव्हिल्स या वाद्यवृंदात आणि तेथून बेनी मोटन यांच्या वाद्यवृंदात गेले. १९३५ साली टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेदरम्यान मोटन यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांच्या काही वादकांना हाताशी धरून, सॅक्सोफोनवादक बस्टर स्मिथ यांच्या सहकार्याने, बेसी रेनो क्लबमध्ये उभे राहिले.

त्यांच्या कामाची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. न्यूयॉर्कमधील मोठ्या वाद्यवृंदांकडे फ्लेचर हेंडरसन यांच्यासारख्या रचनाकारांनी लिहून दिलेली स्वरलिपी असे. बेसींकडे कागद जवळजवळ नव्हतेच. पियानोवर ते दोन-तीन आवर्तने वाजवत. लय बसली की सॅक्सोफोनवाल्यांपैकी कोणीतरी एक छोटा स्वरसमूह धरी, शेजारचे तो उचलत, पितळी वाद्ये त्याला उत्तर देत आणि त्या पायावर एकामागून एक वादक उभा राहून आपली बाजू मांडत असे. अशा पुनरावृत्त स्वरसमूहाला रिफ म्हणतात. चांगला जमलेला रिफ दुसऱ्या रात्री पुन्हा येई, तिसऱ्या रात्री त्यात भर पडे, आणि काही आठवड्यांत कोणीही न लिहिलेली रचना सर्वांना तोंडपाठ झालेली असे. नाचणारे थांबत नाहीत तोवर ती संपवण्याचे कारणही नसे.

हे संगीत शहराबाहेर गेले ते रेडिओमुळे. डब्ल्यू नाइन एक्स बी वाय हे तेथील प्रायोगिक केंद्र रेनो क्लबमधून थेट प्रसारण करीत असे आणि ते रेडिओच्या पट्ट्यावर अगदी टोकाला, नेहमीच्या केंद्रांच्याही पलीकडे लागे. १९३६ च्या सुरुवातीला जॉन हॅमंड हे तरुण समीक्षक आणि ध्वनिमुद्रण-निर्माते शिकागोमध्ये होते. मोटारीतल्या शक्तिशाली रेडिओवर त्यांना हे प्रसारण सापडले, आणि ते इतके भारावले की पुढे स्वतः कान्सास सिटीला जाऊन पोहोचले. मात्र त्यांच्या उत्साहाने बेसींचे एक नुकसानही झाले. हॅमंड यांनी नियतकालिकांतून इतकी स्तुती केली की डेका या ध्वनिमुद्रण कंपनीचे डेव्ह कॅप त्यांच्या आधीच कान्सास सिटीला गेले आणि त्यांनी बेसींची सही घेतली. तबकड्यांच्या २४ बाजूंच्या मुद्रणासाठी ७५० डॉलर, आणि विक्रीवर रॉयल्टी नाही, अशा त्या कराराच्या अटी होत्या. हॅमंड यांनी नंतर वादक संघटनेकडे तक्रार करून मोबदला किमान दरापर्यंत वाढवून घेतला, पण रॉयल्टी काही मिळाली नाही. स्विंग युगातील अतिशय मोलाची मुद्रणे या करारापोटी झाली, हे ती ऐकताना विसरता कामा नये.

डेकासाठीचे पहिले मुद्रण जानेवारी १९३७ मध्ये झाले. त्याआधीच, ९ नोव्हेंबर १९३६ रोजी, हॅमंड यांनी शिकागोत बेसींच्या केवळ पाच वादकांना आणि गायक जिमी रशिंग यांना एका लहानशा स्टुडिओत नेले. बेसी डेकाला बांधलेले असल्यामुळे तबकडीवर त्यांचे नाव घालणे शक्य नव्हते. म्हणून ड्रमवादक जो जोन्स आणि ट्रम्पेटवादक कार्ल स्मिथ यांची आडनावे जोडून ‘जोन्स-स्मिथ इन्कॉर्पोरेटेड’ असे नाव दिले गेले. वाद्यवृंदातील नेहमीचे ट्रम्पेटवादक बक क्लेटन यांचा ओठ दुखावलेला होता, म्हणून स्मिथ आले. आदल्या रात्री ग्रँड टेरेस या नृत्यगृहात वाजवून आलेल्या या मंडळींनी सकाळी चार बाजू मुद्रित केल्या. लेस्टर यंग या सत्तावीस वर्षांच्या टेनर सॅक्सोफोनवादकाचे हे पहिलेच ध्वनिमुद्रण होते.

त्या काळचे मुद्रण म्हणजे काय, हेही ध्यानात घ्यायला हवे. वादक ध्वनिग्राहकासमोर उभे राहत, मेणाची चकती फिरू लागे आणि सुई तिच्यावर चर कोरत जाई. चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची सोय नव्हती, सबंध बाजू पुन्हा वाजवावी लागे. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. बाजारात येणारी तबकडी लाखेची असे, आणि ती लाख मुख्यतः भारतातून, छोटा नागपूरच्या पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरून जाई. १९४२ साली युद्धामुळे अमेरिकेत लाखेवर निर्बंध आले आणि नव्या तबकड्यांचे उत्पादन मोठ्या प्रमाणात घटले. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून वादक संघटनेनेही मुद्रणावर बहिष्कार टाकला.

तीन मिनिटांची ही अडचण आपल्या श्रोत्यांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच दशकात मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी ओडियनसाठी तबकड्या दिल्या आणि झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी अशाच एका बाजूत बसवली. मैफलीत तासभर उलगडणाऱ्या गायकाने तीन मिनिटांत काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा जो निर्णय घेतला, तसाच निर्णय कान्सास सिटीच्या वादकांनाही घ्यावा लागला.

तो त्यांनी कसा घेतला, हे ७ जुलै १९३७ रोजी मुद्रित झालेल्या ‘वन ओ’क्लॉक जंप’मध्ये स्पष्ट ऐकू येते. चार-चार मात्रांचे बारा खंड म्हणजे ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकाराचे एक आवर्तन, आणि ही सबंध रचना अशा आवर्तनांचीच बनलेली आहे. प्रथम बेसींचा पियानो येतो आणि मग एकदम पट्टी बदलून हर्शेल इव्हान्स यांचा भरदार टेनर सॅक्सोफोन. त्यानंतर जॉर्ज हंट यांचा ट्रॉम्बोन, लेस्टर यंग यांचा टेनर आणि बक क्लेटन यांचा ट्रम्पेट, असे प्रत्येकाच्या वाट्याला एकच आवर्तन येते. रेनो क्लबमध्ये ज्याला वाटेल तितकी आवर्तने वाजवण्याची मोकळीक होती, त्याला येथे पंधरा-वीस सेकंदांत बोलून बाजूला व्हायचे आहे. तरीही कोणी घाई केलेली नाही आणि कोणी भरगच्च स्वर कोंबलेले नाहीत. शेवटी सर्व रिफ एकमेकांवर रचले जातात आणि तेथे मात्र नृत्यगृहातील पहाटेचा जोर ऐकू येतो. या रचनेवर बेसींचे नाव आहे. जुन्या वादकांच्या आठवणींत मात्र तिच्या घडणीतील बस्टर स्मिथ यांचा वाटा वारंवार सांगितला जातो. वाद्यवृंद शिकागोला निघाला तेव्हा स्मिथ मागेच राहिले होते. सर्वांनी मिळून घडवलेल्या रचनेवर तबकडीला एकच नाव छापावे लागते, हीसुद्धा त्या माध्यमाने मागितलेली किंमत होती, आणि मला ती वेळेच्या मर्यादेपेक्षाही जास्त वाटते.

लयीचे चौघे, म्हणजे बेसी, बेसवादक वॉल्टर पेज, जो जोन्स आणि मार्च १९३७ मध्ये आलेले गिटारवादक फ्रेडी ग्रीन, यांच्याविषयी थोडे अधिक बोलायला हवे. तोपर्यंत बहुतेक ड्रमवादक पायाखालच्या मोठ्या ड्रमवर ठोका धरीत. जोन्स यांनी तो ठोका झांजांच्या जोडीवर, म्हणजे हाय-हॅटवर नेला, आणि त्यामुळे लय आदळण्याऐवजी वाहू लागली. पेज प्रत्येक मात्रेला एक स्वर देत पायऱ्या चढाव्या-उतराव्यात तसे चालत. ग्रीन यांची गिटार विजेवर चालणारी नव्हती. खंडाला चार आघात करीत ती इतकी मिसळून जाते की पुष्कळ मुद्रणांत ती आधी जाणवते आणि मग ऐकू येते. १९५० सालचा थोडा काळ सोडला तर १९८७ साली मृत्यू येईपर्यंत ग्रीन याच वाद्यवृंदात राहिले. आणि बेसींनी, फॅट्स वॉलर यांची दोन्ही हातांनी गजबजलेली शैली येत असूनही, आपला पियानो मोजक्या स्वरांवर आणून ठेवला. इतर तिघे एवढे सांभाळत असताना आपण गप्प राहिलो तर लय अधिक खुलते, हे त्यांच्या लक्षात आले होते.

या लयीवर लेस्टर यंग यांना बोलता आले. १९३४ साली ते फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात टेनर सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांच्या जागी गेले होते. हॉकिन्स यांचा स्वर जाडजूड आणि कंपित होता, यंग यांचा हलका आणि सरळ. सहकाऱ्यांना तो स्वर पसंत पडला नाही. हेंडरसन यांच्या पत्नी सकाळी त्यांना हॉकिन्स यांच्या तबकड्या ऐकवत, म्हणजे त्यांनी तसे वाजवायला शिकावे. यंग शांतपणे ऐकत आणि आपल्यासारखेच वाजवत. अखेर आपल्याला काढून टाकलेले नाही असे पत्र मागून घेऊन ते निघून गेले. गंमत अशी की त्यांचा तो हलका स्वरही अंशतः तबकड्यांतूनच आलेला होता, कारण सॅक्सोफोनवादक फ्रँकी ट्रम्बाउअर यांची १९२० च्या दशकातील मुद्रणे आपण मनापासून ऐकली असे ते स्वतः सांगत. आणि १९३७ च्या उन्हाळ्यात कान्सास सिटीचा एक सोळा वर्षांचा मुलगा ओझार्क डोंगरातील एका विश्रामस्थळी नोकरीला गेला, तेव्हा त्याने बेसींच्या तबकड्या बरोबर नेल्या आणि यंग यांचे एकेक वादन बोटांत बसवले. तो मुलगा म्हणजे पुढे आधुनिक जॅझ घडवणारे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर. तीन मिनिटांच्या तबकडीने रात्रभराचे संगीत वगळले हे खरे आहे. पण तेच बारा किंवा चौसष्ट खंड शंभर वेळा लावून पाहण्याची सोय तिने दिली नसती, तर पुढच्या पिढीचे जॅझ वेगळ्या वाटेने गेले असते.

जे निसटले त्याची खंत मात्र राहतेच. गायिका बिली हॉलिडे यांनी १९३७ पासून सुमारे वर्षभर या वाद्यवृंदाबरोबर गायन केले, परंतु त्या दुसऱ्या कंपनीला बांधलेल्या असल्यामुळे स्टुडिओत दोघांचे एकत्र मुद्रण झालेच नाही. रेडिओ प्रसारणांतून उरलेली मोजकी गाणी तेवढी आपल्यापाशी आहेत. हर्शेल इव्हान्स हृदयविकाराने फेब्रुवारी १९३९ मध्ये, तिशी गाठण्याआधीच, गेले. ‘ब्लू अँड सेंटिमेंटल’ ही जून १९३८ ची तबकडी त्यांच्या स्वराची भव्यता दाखवते, आणि तिच्या अखेरीस यंग सॅक्सोफोन ठेवून क्लॅरिनेटवर इतक्या नाजूकपणे येतात की दोन प्रतिस्पर्धी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वादकांमधील आदर त्या काही खंडांत कळतो.

या उणिवेची काही भरपाई अनपेक्षितपणे झाली. बिल सॅव्होरी हे न्यूयॉर्कमधील ध्वनितंत्रज्ञ १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओवरील थेट प्रसारणे मोठ्या तबकड्यांवर उतरवून घेत असत. त्यांवर तीन मिनिटांपेक्षा कितीतरी अधिक वेळ मावत असे. तो संग्रह त्यांनी आयुष्यभर जवळजवळ कोणालाच ऐकू दिला नाही. २००४ साली त्यांचे निधन झाले आणि २०१० साली हार्लेममधील राष्ट्रीय जॅझ संग्रहालयाने त्यांच्या मुलाकडून सुमारे एक हजार तबकड्या मिळवल्या. त्यांत १९३८ च्या उन्हाळ्यात ५२ व्या रस्त्यावरील फेमस डोअर क्लबमध्ये वाजवणारा बेसींचा वाद्यवृंद आहे, आणि यंग तेथे स्टुडिओपेक्षा लांब, अधिक बेधडक वाजवताना ऐकू येतात. त्या जागेतील टाळ्या आणि वादकांनी एकमेकांना दिलेल्या आरोळ्याही त्यांत आहेत. ज्यांना बेसी आवडतात त्यांनी डेकाच्या तबकड्या आधी आणि सॅव्होरी संग्रह नंतर ऐकावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण आधी निवड ऐकली म्हणजे विस्तारातील प्रत्येक पाऊल ओळखता येते.

आता आपण १९३६ च्या त्या शिकागोतील सकाळचे ‘लेडी बी गुड’ ऐकू या. बेसींच्या पियानोनंतर लेस्टर यंग सलग दोन आवर्तने, म्हणजे चौसष्ट खंड, वाजवतात, कारण या गाण्याचे आवर्तन ब्लूजसारखे बारा नव्हे तर बत्तीस खंडांचे आहे. पहिल्या ऐकण्यात केवळ त्यांच्याकडे लक्ष द्यावे आणि शक्य झाले तर दुसऱ्यांदा ऐकताना त्यांना सोडून वॉल्टर पेज यांच्या बेसबरोबर चालावे.