तीर्थनचं पाणी कधी निवळतं?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मे महिन्याच्या सुट्टीत कुलू-मनालीला जाऊन आलेले इथे बरेच जण असणार. त्यांतल्या कुणी दुपारी नदीत पाय घातला असेल, तर त्यांच्या लक्षात आलं असेल की डोक्यावर ऊन चटकतंय आणि पाणी मात्र पाय बधिर करतंय. शिवाय सकाळी ज्या दगडावर बसून चहा प्यायलो, तो दगड संध्याकाळी पाण्याखाली. पावसाचा तर थेंब नाही. आपल्या नद्या पावसाने फुगतात, तिकडच्या मे महिन्यात उन्हाने फुगतात. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी गळ टाकणाऱ्याने एवढी गोष्ट नीट समजून घेतली, तर पुढचे निम्मे प्रश्न उरत नाहीत.

मी आज मुख्यतः तीर्थन नदीबद्दल बोलणार आहे. ती ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात उगम पावते, गुशैणी, बंजार करत खाली येते आणि लारजीजवळ बियासला मिळते. या उद्यानाला 2014 मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. नदीतली ट्राउट मात्र परदेशी. स्कॉटलंडहून काश्मीरला पाठवलेली अंड्यांची पहिली खेप 1899 मध्ये वाया गेली, 1900 ची जगली. पुढे 1909 मध्ये हॉवेल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने कुलू खोऱ्यात कटराईंजवळ महिली इथे हॅचरी, म्हणजे माशांची अंडी उबवण्याचं केंद्र, काढली आणि बियासच्या खोऱ्यात ब्राउन ट्राउट सुटली. तिकडे ज्याला स्नो ट्राउट म्हणतात तो मूळचा हिमालयी मासा, पण तो कार्पच्या, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. पाहुणीने घरच्या माशाची जागा किती बळकावली, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. पण तो आजचा विषय नाही.

ट्राउट ज्या पद्धतीने गळाला लावतात त्या फ्लाय फिशिंगबद्दल दोनच वाक्यं, कारण कोकणात गरवणारे इथे बसलेत आणि त्यांना गळ शिकवायला मी जाणार नाही. इथे आमिष म्हणजे पिसं आणि दोरा बांधून केलेला खोटा किडा. त्याला वजनच नसतं, म्हणून जाड दोरीच्या वजनावर तो फेकतात.

आता पाणी. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाण्याचं जे तापमान तेच त्याच्या अंगाचं. 5-6 अंशांना ब्राउन ट्राउटचं पचनच मंद असतं, ती तळाशी पडून राहते आणि समोर आलेला घास कसाबसा घेते. 10 ते 16 अंशांत ती खरी भुकेली. 20 च्या वर गेलं की उलट संकट, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम मावतो, 20 अंशांना 9; उंचीवर त्याहूनही कमी. म्हणून माझ्या मते महागड्या रॉडच्या आधी खिशात साधा थर्मामीटर हवा. पाणी 20 ला टेकलं की दोरी गुंडाळायची. अशा वेळी झुंजवून सोडलेली मासळी पोहत जाते आणि नंतर मरते. आपण मात्र तिला सोडल्याचं समाधान घेऊन घरी येतो.

हिमाचलात ट्राउटचा हंगाम 1 मार्चला उघडतो आणि 31 ऑक्टोबरला संपतो. मधले चार महिने बंदी, कारण ते मासळीच्या विणीचे दिवस. मार्चमध्ये तीर्थन नितळ, उथळ आणि अतिशय गार असते. पहाटे उठून नदीवर धावण्यात अर्थ नाही. अकरा ते तीन, ऊन तळापर्यंत पोचलं की खेळ. तेव्हाच मेफ्लायसारखे किडे पाण्यातून वर येतात. तोवर लहान निंफ, म्हणजे किड्याच्या पाण्यातल्या अवस्थेची नक्कल, डोहाच्या तळाशी हळू वाहू द्यायची.

मार्चमधली एक गोष्ट मात्र फार थोडे लोक सांगतात. ब्राउन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडावर वाळू-खड्यांत शेपटीने खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर खडी लोटते. अंडी फुटायला लागणारा काळ तापमानावर ठरतो. पाणी 5 अंशांचं असेल तर अडीच-तीन महिने. फुटल्यावरही पिल्लं पोटाला लटकलेल्या बलकावर जगत खडीतच काही आठवडे काढतात. म्हणजे 1 मार्चला कायद्याने दार उघडलं, तरी पिल्लं तुमच्या बुटाखाली असू शकतात. गुडघाभर पाण्यातली, आजूबाजूपेक्षा स्वच्छ आणि फिकट दिसणारी खडीची जागा दिसली, तर तिथून चालायचं नाही. काठाने किंवा मोठ्या दगडांवरून जायचं. परवान्यावर हे छापलेलं नसतं.

एप्रिलमध्ये वरती बुरांस, म्हणजे तिकडचा लाल ऱ्होडोडेंड्रॉन, फुलतो, पाणी दोन-तीन अंशांनी चढतं आणि तीन-चार आठवडे फार छान जातात. मग बर्फ.

बर्फ दिवसा वितळतं, रात्री थिजतं. त्यामुळे मेमधली नदी रोज एक छोटा पूर आणते आणि रोज ओसरते. हे पाणी वरच्या उतारांवरून तुमच्यापर्यंत यायला काही तास लागतात. म्हणून उगमाजवळ दुपारी चढणारी नदी खाली बंजारला संध्याकाळी किंवा रात्री चढते. हिशेब सोपा आहे: सकाळी लवकर जा, पाणी चढू लागलं की बाहेर या. काठावर दोन दगड रचून ठेवा, खालचा भिजला की उठा. ही निव्वळ मासेमारीची युक्ती नाही, माणसं वाहून जातात ती याच वेळी. पार्वतीसारख्या नदीत वरच्या हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचं पीठ येतं आणि पाणी महिनोन्‌महिने राखाडी-दुधट राहतं. तीर्थनचं खोरं लहान, हिमनद्या कमी, जंगल दाट. ती तुलनेने लवकर निवळते. पाण्याचा रंगच सगळं सांगतो. दुधट असेल तर वर ऊन आहे, तांबूस-मातकट असेल तर वर पाऊस. किंचित हिरवट, गुडघाभर पाण्यात बूट अंधुक दिसतील असं पाणी मला नितळ पाण्याहून आवडतं, कारण त्यात मासळी बुजत नाही.

जुलै-ऑगस्टबद्दल काही सांगण्यासारखं नाही. जाऊ नका. 9 आणि 10 जुलै 2023 च्या पुरात बियास खोऱ्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

कुणी विचारलं, मग काश्मीरचं काय? तिथे मान्सूनचा जोर कमी, त्यामुळे कुलू गढूळ असतानाही काही प्रवाह चालतात. पण तिथेही पाणी कुठून येतं ते पाहा. लिद्दर नदीला कोलाहोई हिमनदीचं पाणी, तिचा उन्हाळा दुधट. ब्रिंगी नदीला कोकरनागच्या झऱ्यांचं पाणी मिळतं, ती बऱ्याच अंशी स्वच्छ. झरे चुनखडकातले, आणि चुनखडक पोकळ असतो. फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रिंगीच्या पात्रात विवर पडलं, प्रवाह त्यात गेला आणि खालच्या कोरड्या पात्रात ट्राउट तडफडून मेली.

तीर्थन सप्टेंबरच्या मध्यानंतर निवळते. रात्री गार होतात, पाणी पुन्हा 10-15 अंशांत येतं आणि विणीआधी अंग धरायला ट्राउट अधाशासारखी खाते. डोंगरउतारांवरचं गवत कापायला घेतात, नाकतोडे उडून पाण्यात पडतात. तेव्हा नाकतोड्याच्या आकाराचा तरंगता खोटा किडा काठाला लागून टाकावा. पाणी उतरलेलं आणि काचेसारखं असतं, म्हणून बारीक, लांब लीडर, म्हणजे जाड दोरी आणि किडा यांच्यामधला पारदर्शक धागा. मासळी तोंड प्रवाहाकडे करून उभी असते. तेव्हा खालच्या बाजूने, मागून जायचं, आणि आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ का, असं दरवर्षी विचारतात. पंचांग पाहून ठरवा. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं, म्हणजे बंदीच्या पहिल्या दिवशी. 2026 ला तर ते 8 नोव्हेंबरला आहे. त्यापेक्षा नवरात्र-दसरा गाठा. कुलूचा दसरा आपल्या विजयादशमीला सुरू होऊन आठवडाभर चालतो आणि गावात खोली मिळणं मुश्किल होतं, पण त्याची चिंता नको. तीर्थनला जाणारा रस्ता कुलूच्या बराच आधी, औटलाच फुटतो.