गोयाची गाढवं

नमस्कार श्रोते हो. ६ फेब्रुवारी १७९९. माद्रिदच्या दैनिकात जाहिरात आली: ८० चित्रांचा संच, किंमत ३२० रेआल, मिळेल अत्तरं आणि मद्याच्या दुकानात. संचाचं नाव ‘लोस काप्रीचोस’, चित्रकार फ्रान्सिस्को गोया. कुणा एका व्यक्तीची टिंगल केलेली नाही, असा खुलासाही जाहिरातीतच होता. असा खुलासा वाचला की लोक पहिल्यांदा काय शोधतात, ते सांगायला नकोच!

३७ ते ४२ ही सलग सहा चित्रं गाढवांची. गाढव मास्तर आहे, गाढव वैद्य आहे. ३९ व्या चित्रात अंगात कोट घातलेलं गाढव वंशावळीचं पुस्तक उघडून बसलंय. पानावर ओळीनं गाढवंच गाढवं. ३८ व्यात माकड गिटार वाजवतंय, गाढव तल्लीन, मागे दोघं टाळ्या पिटताहेत. पण नीट पाहा, माकडाची बोटं गिटारच्या पाठीवर आहेत, तारा पलीकडे. आपल्या म्हणीत गाढवापुढे वाचलेली गीता निदान खरी असते, इथे तर सूरच नाही.

हे छापलं कसं? आधी कागदावर रेखाटन. तो कागद ओला करून तांब्याच्या पत्र्यावर पालथा घालायचा आणि दाबयंत्रातून काढायचा. पत्र्यावर चित्र उलटं उमटतं, छापताना पुन्हा सुलटं होतं. मेणाच्या थरावर सुईनं रेघा ओढून पत्रा आम्लात बुडवायचा. काळोख मात्र रेघांनी येत नाही. त्यासाठी राळेची बारीक पूड पत्र्यावर बसवून पत्रा खालून तापवायचा. मग कणांमधल्या फटींतून आम्ल पत्रा कोरतं आणि त्या खळग्यांत शाई बसते. ताप कमी पडला तर कण धुऊन जातात. जास्त झाला तर वितळून एकजीव होतात आणि आम्लाला वाटच उरत नाही. जे पांढरं हवं, त्यावर आधीच वार्निश.

काप्रीचोसची खरी धार याच काळोखात आहे, असं आमचं मत. आणि छापता छापता नेमका तोच आधी झिजतो, कारण राळेनं कोरलेला पोत फार उथळ असतो. रेघा टिकतात, पण चेहऱ्यामागची रात्र करडी पडते.

संच विकले गेले अवघे २७. १८०३ मध्ये गोयानं पत्रे आणि उरलेले २४० संच स्पेनचा राजा चौथा कार्लोस याला दिले, बदल्यात मुलाला वार्षिक तनखा मिळवला. त्याच पत्र्यांवरून पुढे १९३७ पर्यंत आवृत्त्या निघत राहिल्या. तेव्हा संग्रहालयात एखादी प्रत समोर आली, तर गाढवाआधी त्याच्या मागचा अंधार पाहा. शाई तपकिरी आणि अंधार दाट असेल, तर ती पहिल्या आवृत्तीतली असण्याची शक्यता बरीच.