साधन हातात घेतलेला शिक्षक

श्रोतेहो, नमस्कार.

इतिहासाच्या पुस्तकात ‘इतिहासाची साधने’ असा भाग असतो. भौतिक, लिखित, मौखिक. नाणी, ताम्रपट, बखरी, ओव्या. हा भाग मी सोळा वर्षं शिकवला. मुलांनी तो पाठ केला, गुण मिळवले. पण त्या सोळा वर्षांत एकही अस्सल जुना कागद मी हातात धरला नव्हता. मग एक दिवस सातवीतल्या एका मुलीनं घरच्या ट्रंकेतला एक पिवळा पडलेला कागद आणला आणि म्हणाली, “बाई, हे वाचून दाखवा ना.” कागद मोडी या जुन्या मराठी लिपीतला होता. मला एक अक्षरही लागलं नाही.

आज मला बोलायचंय ते इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांशी. आपण स्वतः कुठं शिकायचं, याविषयी.

त्या उन्हाळ्यात मी मोडीच्या वर्गाला नाव घातलं. राज्याचं पुराभिलेख संचालनालय असे वर्ग ठिकठिकाणी भरवतं. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोडी शिकवली जाते. पहिल्या दिवशी हातात लेखणी आली आणि मी पुन्हा पहिलीत जाऊन बसले. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायची, हात शक्यतो न उचलता. शेजारी एक निवृत्त तलाठी होते. मी तीन ओळींत अडकले, तेवढ्यात त्यांनी अख्खं पान वाचून काढलं, कारण मौजे, फाळणी, जमाबंदी हे शब्द त्यांच्या रोजच्या कामातले.

मोडीत शब्द सुटे नसतात. विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. वाक्य कुठं संपलं हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. तारखेच्या जागी ‘छ’ आणि पुढं चंद्राची तिथी, वर्ष सुहूर सनाचं, तेही अरबी शब्दांत. ते इसवी सनात आणायचं म्हणजे वेगळी आकडेमोड. एका शब्दावर आम्ही चौघं अर्धा तास बसलो होतो. तो ‘बाग’ वाचावा की ‘भाग’, यावर सगळ्या मजकुराचा अर्थ फिरत होता. दहावीच्या इतिहासाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या दोन धड्यांनी होते. ते धडे मी आधीही शिकवत होते, पण इतिहासकार नेमका कुठं अडतो आणि त्याला शहानिशा का करावी लागते, हे मला त्या अर्ध्या तासात समजलं. पुढच्या जूनमध्ये ते धडे शिकवताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आणि ही विद्या नुसती हौसेची नाही. गावोगावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना चौदामध्ये, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते आपण पाहिलंच.

भूगोलाचंही असंच आहे. दहावीच्या भूगोलाचा पहिला धडा क्षेत्रभेटीचा, पण समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, आपण फळ्यावरच काढतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे, ज्यांना आपण टोपोशीट म्हणतो, ते आता संगणकावर मोफत उतरवून घेता येतात. १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. कागदावरचे दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. आम्ही केंद्रातले, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातले, सात शिक्षक एका रविवारी तो घेऊन गावामागच्या टेकडीवर चढलो. नकाशावर तपकिरी रेषा जिथं दाटल्या होत्या, नेमका तिथंच दम लागला. त्या दिवसाचं प्रमाणपत्र कुणी दिलं नाही, पण सातही जणांची शिकवण्याची पद्धत बदलली.

नागरिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी तर वर्ग गावातच भरतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे दिवस. झेंडावंदन झालं की आपण घरी निघतो. एकदा थांबून पाहा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, का होत नाही, सभा तहकूब कशी होते, ठराव कोण मांडतो आणि वहीवर सही कोण करतो, हे डोळ्यांनी पाहिलेला शिक्षक ‘स्थानिक शासन’ निराळ्या आवाजात शिकवतो.

सरकारी प्रशिक्षणंही आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या विकासासाठी सांगितले आहेत. २०१९ पासूनचा निष्ठा कार्यक्रम, ‘दीक्षा’ या सरकारी संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम, हे सर्वांना माहीत आहेत. ते जरूर करा. मात्र एक संधी फार कमी शिक्षकांना ठाऊक असते, ती आवर्जून सांगते. १९७९ मध्ये सुरू झालेलं दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र, ज्याला सगळे सीसीआरटी म्हणतात, देशभरच्या शिक्षकांना एकत्र आणतं. मातीकाम, बाहुल्या, लोककला, वास्तू यांतून विषय कसा शिकवायचा हे तिथं शिकायला मिळतं. आसामच्या शिक्षिकेशेजारी बसून बांबूकाम शिकलेला शिक्षक ‘विविधतेत एकता’ या धड्यासाठी पुस्तकावर अवलंबून राहत नाही. आपल्या जिल्ह्याच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, याची चौकशी करा.

अधिकाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेमुळे भाषा आणि गणितावर भर आला, तो हवाच होता. पण दर महिन्याच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत आमच्या विषयाला वर्षातून दोन वेळाही जागा मिळत नाही. इतिहास-भूगोल कुणीही शिकवावा, असा समज त्यातूनच पक्का होतो. परिषदेतला एक तास द्या. त्या तासात एक जुना कागद, एक नकाशा किंवा गावातल्या म्हाताऱ्या आजींची एक मुलाखत मध्ये ठेवा. आम्ही शिक्षक मिळून त्यावर काम करू. तज्ज्ञ बोलवायला पैसे नसले तरी चालेल, निवृत्त तलाठी प्रत्येक तालुक्यात आहेत.

त्या पिवळ्या कागदावरचं काम अजून चालू आहे. छायाप्रत माझ्याकडे, मूळ प्रत त्या मुलीच्या आजोबांकडे. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा तो करार आहे, चार भावांमधला. तीन भावांची नावं लागली. चौथ्या नावावर शाई सांडली आहे. आजोबा म्हणतात, ते नाव त्यांना माहीत आहे, पण आधी आम्ही वाचून दाखवावं. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही पुन्हा भिंग घेऊन बसणार आहोत.

नमस्कार.