तोवर दुपार होते

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरी गेली की पगार जातो, हे सांगायला रेडिओ लागत नाही. वाण्याची उधारी, शाळेची फी, घराचा हप्ता, हे सगळं तुम्ही रोज निस्तरताच. मला आज बोलायचंय ते पगाराबरोबर आणखी काय जातं त्याबद्दल.

1994 साली ब्रिटनमधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, अँड्र्यू क्लार्क आणि अँड्र्यू ओस्वाल्ड यांनी, एक छोटासा निबंध लिहिला. त्या काळात अर्थशास्त्रात एक मत बरंच मान धरून होतं. सरकारी भत्ता मिळतो म्हणून काही लोक बेकार राहणंच पसंत करतात, असं ते मत. या दोघांनी विचारलं, मग ही माणसं सुखात असतील ना? 1991 च्या एका मोठ्या पाहणीत हजारो ब्रिटिश लोकांना साधे प्रश्न विचारले होते. काळजीनं झोप उडते का? सतत ताण जाणवतो का? आपला कुणाला उपयोग आहे असं वाटतं का? ती उत्तरं त्यांनी तपासली. बेकारी माणसाला जितकं खचवते तितकं दुसरं काहीच खचवत नव्हतं. घटस्फोटसुद्धा नाही. पुन्हा सांगतो, घटस्फोटसुद्धा नाही.

पुढे 1998 मध्ये लिलियाना आणि रायनर विंकेलमान यांनी जर्मनीतली आकडेवारी घेतली. तिथे त्याच त्या माणसांना दरवर्षी विचारलं जात होतं की तुम्ही आयुष्याबद्दल किती समाधानी आहात. म्हणजे एकच माणूस, नोकरी असताना आणि नसताना. त्यात दिसलं की समाधान जे घसरतं, त्यातला थोडाच भाग उत्पन्न घटल्यामुळे असतो. मोठा भाग निव्वळ काम नसण्याचा. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट यावरच आहे. पैशाचं दुःख थोडं, काम नसण्याचं दुःख फार.

आता ती गोष्ट. मला ती कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही.

ऑस्ट्रियात व्हिएन्नापासून जवळच मारिएन्टाल नावाची एक गिरणीवस्ती आहे. तिथे कापडाची एकच मोठी गिरणी होती आणि जवळजवळ सगळं गाव तिच्यावर जगत होतं. 1929 पासून गिरणीचा एकेक विभाग बंद होत गेला आणि वर्षभरात सगळं गाव रिकामं बसलं. 1931 च्या अखेरीला व्हिएन्नाहून तरुण संशोधकांचा एक गट तिथे आला. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल ही त्यातली प्रमुख नावं. याहोदा तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होती. त्यांना खरं तर कामगार फुरसतीचा वेळ कसा घालवतात ते अभ्यासायचं होतं. ऑटो बावर नावाच्या समाजवादी पुढाऱ्यानं त्यांना सांगितलं, देशात एवढी बेकारी असताना फुरसत कसली अभ्यासता, बेकारी अभ्यासा.

त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. गावात कुणीही नुसतं बघे म्हणून जायचं नाही. प्रत्येकानं गावाच्या उपयोगाचं काही तरी करायचं. म्हणून त्यांनी व्हिएन्नात जुने कपडे गोळा करून घरोघर वाटले, डॉक्टरांची मोफत तपासणी ठेवली, बायकांसाठी कपडे बेतण्याचा वर्ग काढला. आपल्याकडे पाहणीला खेड्यात जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा नियम सक्तीचा करावा, असं माझं ठाम मत आहे. तास तास माणसांना बसवून प्रश्न विचारायचे आणि निघून जायचं, हे मला पटत नाही.

तर हे लोक खिडकीआड बसून गावच्या मुख्य रस्त्याकडे पाहत आणि हातातल्या घड्याळावर लोकांची चाल मोजत. रस्ता जेमतेम तीनशे मीटरचा. पुरुष चालता चालता थांबत, पुन्हा थांबत. दोन तृतीयांश पुरुष निदान दोनदा थांबले. न थांबता पोचणारा दहात एखादाच. बायकांची चाल पुरुषांच्या दीडपट. कारण बायकांना घरी स्वयंपाक, धुणं, पोरं होती. त्यांची मजुरी गेली होती, काम गेलं नव्हतं. आणि शंभर पुरुषांमागे अठ्ठ्याऐंशी जण अंगावर घड्याळ बाळगत नव्हते. वेळ पाहून करायचं काय?

वाचनालयाचं ऐका. पूर्वी पुस्तकाला पैसे पडत, आता ते फुकट केलं होतं. वेळ तर दिवसभर रिकामा. तरीही दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. (वाचनालयाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आपली गावातली वाचनालयं रात्री नऊपर्यंत उघडी राहिली पाहिजेत. कामावरून सात वाजता येणाऱ्यानं वाचायचं कधी?)

मग त्यांनी माणसांना दिवसाचा तक्ता भरायला दिला. कुठल्या तासाला काय केलं ते लिहा. एकानं लिहिलं ते असं. सकाळी उठतो, मुलांना शाळेसाठी उठवतो, ती गेली की लाकडं आणि पाणी आणतो. वर आलो की बायको नेहमी विचारते, आज काय शिजवू? तो प्रश्न टाळायला मी शेताकडे निघून जातो. आणि पुढच्या तासासमोर त्यानं लिहिलं, "तोवर दुपार होते."

श्रोतेहो, तोवर दुपार होते. त्यापुढचा रकाना कोरा.

हे वाचताना मला आपल्या गिरणगावाची आठवण होते. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यातले कितीतरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. त्या घरांतून ही दुपार पुष्कळांनी पाहिली आहे.

याहोदा पुढे पुन्हा या प्रश्नाकडे वळली. तिचं म्हणणं, नोकरी पगार तर देतेच, पण न मागता आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला आखणी, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून काही साधल्याची जाणीव, समाजात ओळख, आणि हातांना चाळा.

ओळखीचं किती वजन असतं पाहा. जर्मनीत बरीच वर्षं बेकार असलेले लोक वय झाल्यावर अधिकृतपणे निवृत्त झाले. रोजचं जगणं काही बदललं नव्हतं, तरी त्यांचं समाधान वाढलं. 'बेकार' जाऊन 'निवृत्त' झाले, एवढाच फरक. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, लग्नाकार्यात भेटलेल्या तरुण मुलाला पहिलाच प्रश्न "सध्या काय करतोस?" असा विचारू नका. स्पर्धा परीक्षेची तिसरी-चौथी वर्षं काढणारी मुलं या एका प्रश्नापायी मांडवात यायचं टाळतात.

आणि आता अलीकडचं. मारिएन्टाल ज्या गावाच्या हद्दीत येतं, त्या ग्रामाटनॉयझीडलमध्ये 2020 च्या ऑक्टोबरात एक प्रयोग सुरू झाला. वर्षभराहून जास्त बेकार असलेल्या प्रत्येकाला कामाची हमी. कुणी सुतारकाम करी, कुणी बागा राखी. मॅक्सिमिलियन कासी आणि लुकास लेनर या अर्थशास्त्रज्ञांनी तो तपासला, आणि याहोदाच्याच गोष्टी पुन्हा मोजल्या. दिवसाची आखणी सुधारली, माणसांत मिसळणं वाढलं, आपण कुणाच्या उपयोगी पडतो ही भावना वाढली. शरीराच्या तब्येतीत मात्र फरक दिसला नाही.

कामाची हमी आपल्याला नवी नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेला महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 1977 चा. त्या कामांवर आपण माती मोजतो, हजेरी मोजतो, मजुरी मोजतो. मला वाटतं, हजेरीपत्रक भरणाऱ्यानं वर्षातून एकदा तरी कामावर आलेल्या बाईला विचारावं, काम नसतं त्या महिन्यात तुमचा दिवस कसा जातो? आणि तिचं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यावं.

नमस्कार.