पॉझिटिव्ह कधीच न आलेला माणूस

नमस्कार मंडळी. सुरुवात एका वाक्यापासून करतो, जे मी स्वतः कित्येक वर्षं लोकांना ऐकवायचो. "अरे पण तो एकाही टेस्टमध्ये सापडला नाही ना?" लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलपटूबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं हे ठरलेलं उत्तर. 2004 ला त्याच्या कॅन्सर संस्थेचे ते पिवळे रबरी बँड आले तेव्हा मीही एक हातात घातला होता आणि अगदी मनापासून घातला होता, कारण गोष्टच तशी होती, ऑक्टोबर 1996 मध्ये 25 वर्षांच्या पोराला वृषणाचा कॅन्सर निघतो, तो फुप्फुसात आणि मेंदूपर्यंत गेलेला असतो, आणि तोच पोरगा जुलै 1999 मध्ये टूर द फ्रान्स, म्हणजे दर जुलैमधली तीन आठवड्यांची मोठी सायकल शर्यत, जिंकतो, आणि मग 2005 पर्यंत सलग सात वेळा जिंकतो. अशा माणसावर संशय घ्यायचा म्हणजे ज्या ज्या पेशंटला त्याच्यामुळे बळ मिळालं त्या सगळ्यांच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं वाटायचं. म्हणून मी भांडायचो.

आज मला बोलायचंय ते या "टेस्टमध्ये सापडला नाही"बद्दलच. कारण हे वाक्य अजून चालतं, दर जुलैमध्ये चालतं, फक्त रायडरचं नाव बदलतं.

आधी औषध समजून घेऊ. ईपीओ. आपल्या किडनीत तयार होणारं हार्मोन आहे, ते हाडांच्या मगजाला सांगतं की तांबड्या पेशी वाढव. किडनीच्या पेशंटना ॲनिमिया होतो म्हणून ते कृत्रिमरीत्या बनवलं गेलं, आणि साधारण 1990 च्या आसपास ते सायकलिंगमध्ये घुसलं. तांबड्या पेशी जास्त म्हणजे स्नायूंना ऑक्सिजन जास्त, आणि तीन आठवडे रोज डोंगर चढणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठं काय पाहिजे! पण रक्त घट्ट होतं, हृदयाला ते ढकलणं जड जातं, हा धोका सगळ्यांना माहीत होता. आणि 1999 मध्ये लघवीतून ईपीओ पकडणारी टेस्टच अस्तित्वात नव्हती! ती वापरात आली 2001 मध्ये. तोवर यूसीआय, म्हणजे सायकलिंगची जागतिक संघटना, फक्त हिमॅटोक्रिट मोजायची, रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती ते. 1997 पासून 50 टक्क्यांची मर्यादा. त्याच्या वर गेलात तर दोन आठवडे घरी बसा, तब्येतीच्या कारणाने, डोपिंगचा शिक्का नाही. मग काय झालं, ती मर्यादा राहिलीच नाही, ते टार्गेट झालं. 49 पर्यंत न्यायचं आणि थांबायचं. टेस्ट घेणारे हॉटेलच्या दाराशी आले की सलाईन लावून रक्त पातळ करायचं.

म्हणजे "टेस्ट निगेटिव्ह" याचा 1999 मधला खरा अर्थ "टेस्टच नाही" एवढाच होता. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की आर्मस्ट्राँग निगेटिव्हही नव्हता. त्याच टूरमध्ये त्याच्या लघवीत कॉर्टिकोस्टेरॉइड, म्हणजे सूज कमी करणारं, बंदी असलेलं औषध, सापडलं होतं. खुलासा आला की सीटवर बसून बसून जखम झाली, तिला लावायचं मलम होतं, हे बघा प्रिस्क्रिप्शन. यूसीआयने मान्य केलं. ते प्रिस्क्रिप्शन मागची तारीख टाकून बनवलेलं होतं, हे सांगितलं एमा ओरायली या आयरिश बाईने, जी आर्मस्ट्राँगच्या टीममध्ये सोन्यर होती, म्हणजे रायडर्सना मसाज करणं, बाटल्या भरणं, कपडे, खाणं, सगळं बघणारी. दंडावरचे सुईचे डाग लपवायला आपल्याकडे मेकअप मागितला होता, हेही तिनेच सांगितलं.

ईपीओची टेस्ट आल्यावर पद्धत बदलली. चमडीखाली मोठा डोस न घेता शिरेतून अगदी थोडा घ्यायचा, तोही रात्री, की सकाळपर्यंत खूणच राहत नाही. आणि दुसरी पद्धत म्हणजे स्वतःचंच रक्त आधी काढून पिशवीत थंड ठेवायचं आणि टूर चालू असताना परत चढवायचं. त्याचा तेव्हाचा टीममेट फ्लॉइड लँडिस याने सांगितलंय की 2004 च्या टूरमध्ये टीमची बस डोंगरातल्या रस्त्यावर इंजिन बिघडल्याचं सोंग करून थांबवली होती आणि आत सीटवर आडवे पडून रक्त चढवणं चाललं होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो, कारण त्या वर्षीची टूर मी जीव ओतून बघितली होती.

आता मुद्द्याचं. संशय घेणाऱ्यांकडे तेव्हा होतं काय? रिपोर्ट नव्हता. डेव्हिड वॉल्श हा आयरिश पत्रकार 1999 पासून विचारत होता की कॅन्सरच्या आधी जो माणूस टूरच्या उंच डोंगरांत मागे पडायचा, तो आता इटलीतल्या सेस्ट्रिएरेच्या चढावर सगळ्यांना सोडून निघून जातो, कसं? आणि तेही कधी, तर 1998 मध्ये फेस्टिना टीमची गाडी बेल्जियमच्या सीमेवर ईपीओच्या बाटल्यांसकट पकडली गेली त्याच्या पुढच्याच वर्षी, आणि स्पीड कमी व्हायचं सोडून वाढलेला. कुठंतरी पाणी मुरत होतं. मग 2001 मध्ये कळलं की तो मिकेले फेरारी नावाच्या इटालियन डॉक्टरकडे जातो, ज्याच्यावर डोपिंगची केस चालू होती. तीन वेळा टूर जिंकलेला ग्रेग लमाँड म्हणाला की हे नातं मला आवडलं नाही, तर त्याच्यावर इतका दबाव आला की त्याला माफीचं पत्रक काढावं लागलं.

आणि इथे मला जो राग आहे तो औषधापेक्षा जास्त या पुढच्या गोष्टीचा आहे. औषध घेणं वाईटच, पण खरं बोलणाऱ्या माणसांना ज्या पद्धतीने चिरडलं ते मला माफ करता येत नाही. एमा ओरायलीवर त्याने केस घातली, तिला वेश्या म्हटलं, दारुडी म्हटलं. बेट्सी अँड्र्यू, त्याच्याच जुन्या टीममेटची बायको, शपथेवर म्हणाली की 1996 मध्ये हॉस्पिटलच्या खोलीत त्याने डॉक्टरांपुढे औषधांची नावं घेताना मी ऐकलं, तर तिला वर्षानुवर्षं वेडी ठरवलं गेलं. वॉल्शच्या पेपरवर बदनामीचा दावा, त्यात पेपरला 2006 मध्ये 3 लाख पौंड देऊन तडजोड करावी लागली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे काय ते बघायचं असेल तर ही सहा-सात वर्षं बघा. फिलिप्पो सिमेओनी नावाचा रायडर फेरारीच्या विरोधात कोर्टात बोलला होता, 2004 च्या टूरच्या अठराव्या टप्प्यात तो पुढच्या ग्रुपकडे निघाला, तर पिवळी जर्सी, म्हणजे टूरमध्ये पहिल्या नंबरवर असलेल्याची जर्सी, घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे गेला, जिंकण्यासाठी नाही, त्याला जिंकू न देण्यासाठी, आणि तो मागे फिरल्यावर कॅमेऱ्याकडे बघून ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. तोंड बंद. मी ती रेस लाइव्ह बघितली होती. बघूनही बघितली नव्हती.

ऑगस्ट 2005 मध्ये लेकिप या फ्रेंच पेपरने छापलं की 1999 च्या गोठवून ठेवलेल्या नमुन्यांवर संशोधनासाठी नवी टेस्ट केली आणि आर्मस्ट्राँगच्या सहा नमुन्यांत ईपीओ निघालं. तेव्हाही आम्ही म्हणालो, फ्रेंच लोक जळतात. शेवटी 2010 मध्ये लँडिस बोलला, मग टायलर हॅमिल्टन, असे एकेक करत एकूण 11 जुने टीममेट. ऑक्टोबर 2012 मध्ये यूसाडाने, म्हणजे अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेने, हजारावर पानांचा पुरावा बाहेर ठेवला, 26 लोकांच्या शपथेवरच्या साक्षी, फेरारीला दिलेले दहा लाख डॉलरच्या वरचे पैसे. 22 ऑक्टोबरला यूसीआयने सातही टूर काढून घेतल्या. जानेवारी 2013 मध्ये त्याने टीव्हीवर कबूल केलं. नीट बघा, यात लॅबची मदत झाली पण केस उभी राहिली माणसांवर, ज्यांना आपण खोटारडे म्हणत होतो त्यांच्यावर.

मग आज जो जिंकतो त्याच्याकडे कसं बघायचं? जुलै 2024 मध्ये प्लॅटो द बेयच्या चढावर स्लोव्हेनियाच्या तादेई पोगाचारने 1998 पासूनचा मार्को पांतानी या इटालियन रायडरचा वेळ तीन मिनिटांहून जास्त फरकाने मोडला. पांतानीचा काळ म्हणजे तोच ईपीओचा काळ, त्यामुळे भुवया उंचावणारच. शिवाय पोगाचारच्या टीमचे मॅनेजर माउरो जानेत्ती हे 2008 मध्ये ज्या सौनिए दुवाल टीमचे प्रमुख होते, तिचा रिक्कार्दो रिक्को त्या टूरमध्ये पॉझिटिव्ह आला होता. हे विचारणं गैर नाही. पण दुसरी बाजू तेवढ्याच जोरात सांगतो, पोगाचार कधी पॉझिटिव्ह आलेला नाही, त्याच्यावर कुठली केस नाही, कुणी जुना सहकारी पुढे येऊन काही बोललेला नाही, आणि सायकली, टायर, कपडे, तासाला 100 ग्रॅमच्या वर कार्बोहायड्रेट पचवायची ट्रेनिंग, हे सगळं 1998 मध्ये नव्हतं. आणि 2008 पासून बायोलॉजिकल पासपोर्ट आहे, म्हणजे औषध शोधायच्या ऐवजी रायडरच्या रक्ताचा वर्षानुवर्षांचा आलेख बघतात. तीन आठवड्यांच्या रेसमध्ये हिमोग्लोबिन साधारण खाली यायला पाहिजे, ते आलं नाही आणि नव्या कोवळ्या पेशी कमी दिसल्या की बाहेरून रक्त आल्याचा वास येतो. आर्मस्ट्राँगच्या 2009 आणि 2010 च्या टूरमधले असे आकडे नैसर्गिक असण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी, असं यूसाडाच्या तज्ज्ञाने सांगितलं होतं. 2005 नंतर काही घेतलं नाही असं तो मात्र अजून म्हणतो.

संशय चुकीच्या वाटेने गेला तर काय होतं तेही सांगतो. 2015 मध्ये पिवळ्या जर्सीतल्या क्रिस फ्रूम या ब्रिटिश रायडरच्या अंगावर एकाने कपभर लघवी फेकली. सुक्याबरोबर ओलंही जाळायचं हे. प्रश्न आकड्यांना विचारा, टीमला विचारा, संघटनेला विचारा. रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या माणसाच्या अंगावर काही फेकणं हे कुठल्याही सत्याचं काम नाही.

शेवटी एकाने विचारलं की सगळेच घेत होते, मग फरक काय पडला, जिंकला तो जिंकलाच ना. हे मला फार वेळा विचारतात. पहिलं म्हणजे औषध सगळ्यांना सारखं लागत नाही. ज्याचं मुळात हिमॅटोक्रिट 40 आहे त्याला 50 पर्यंत जायला दहा पॉइंट मोकळे, ज्याचं जन्मजात 48 आहे त्याला दोन. म्हणजे निसर्गाने ज्याला जास्त दिलं त्याचंच नुकसान. वर ज्याच्याकडे पैसे जास्त त्याला डॉक्टर चांगला. आणि दुसरं म्हणजे सगळे घेत नव्हते. क्रिस्तोफ बॅसाँ हा फ्रेंच रायडर फेस्टिना टीममध्ये असूनही न घेणारा म्हणून ओळखला जायचा. 1999 च्या टूरमध्ये तो पेपरात लिहायचा की एवढा स्पीड मला पटत नाही. बाकी रायडर्सनी त्याला वाळीत टाकलं, कुणी बोलेना. आल्प द्युएझच्या चढावर जायच्या दिवशी आर्मस्ट्राँग त्याच्या शेजारी आला आणि म्हणाला की असं बोलणार असशील तर घरी जा. पुढच्या दोन-तीन दिवसांत तो खरंच गेला. तेव्हा 25 वर्षांचा होता. 1999 च्या टूरचा निकाल आता उघडून बघा, पहिल्या नंबरची जागा रिकामी आहे, दुसऱ्याला वर सरकवलेलं नाही, आणि बॅसाँच्या नावापुढे लिहिलंय, शर्यत सोडली.