ज्याची त्याची वेळ: पेस्ट्री, डेझर्ट आणि हाय टी

सकाळी आठच्या सुमारास शहरातल्या चांगल्या कॅफेची काचपेटी भरलेली असते. क्रोसाँ नुकतेच भट्टीतून आलेले असतात, एक्लेअरवरचे चॉकलेट चकचकीत असते, टार्टवरच्या फळांना अजून तजेला असतो. संध्याकाळी पाचला त्याच काचेसमोर पुन्हा उभे राहिले तर मांडणी जवळपास तशीच दिसते, पाट्याही त्याच असतात. पदार्थ मात्र बदललेले असतात. क्रोसाँ मऊ पडलेला असतो, एक्लेअरचे कवच आतल्या क्रीममुळे ओलसर झालेले असते, आणि त्याच पेटीच्या कोपऱ्यातला एखादा चॉकलेट केक कालच्यापेक्षा आज अधिक चवदार झालेला असू शकतो. पेस्ट्रीची चव पारखताना मैदा, लोणी, साखर आणि अंडी यांच्याइतकाच वेळ हाही घटक मोजावा लागतो. या लघुपटात आपण मुख्यतः त्याच घटकाकडे पाहणार आहोत.

सुरुवात क्रोसाँपासून करू, कारण कॅफेची परीक्षा पाहणारा याहून प्रामाणिक पदार्थ नाही. वर आयसिंग नसल्यामुळे आणि आत सारण नसल्यामुळे कारागिराचे कसब किंवा त्याची घाई झाकायला येथे काहीच नसते. चंद्रकोरीच्या आकाराचा किप्फेर्ल हा पाव मूळचा ऑस्ट्रियाचा. ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन उद्योजकाने १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी उघडली आणि तिथल्या बेकऱ्यांनी तो आकार उचलला. लोण्याचे पदर सुटणारा आजचा क्रोसाँ मात्र त्यानंतर फ्रेंच कारागिरांच्या हातांत हळूहळू घडत गेला.

त्याची कृती सांगायला सोपी आणि साधायला अवघड आहे. यीस्ट घालून मळलेल्या मैद्यात थंड लोण्याची सपाट लादी गुंडाळायची, ते लाटायचे आणि तिहेरी घडी घालायची. पहिल्या घडीनंतर लोण्याचे ३ थर होतात, दुसरीनंतर ९ आणि तिसरीनंतर २७. दोन घड्यांच्या मध्ये पीठ थंडाव्यात विसावते, कारण लाटल्याने ताणलेले ग्लुटेन, म्हणजे मैद्यातले चिवट प्रथिन, सैल पडले नाही तर पीठ पुन्हा आक्रसते. लोणी फार थंड असेल तर लाटण्याखाली त्याचे तुकडे पडतात आणि फार मऊ असेल तर ते पिठात मुरून जाते. दोन्ही वेळा पदर हरवतात. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणून आकार दिलेले क्रोसाँ फुगायला ठेवतानाही कारागीर तापमान २७ अंशांच्या फार पुढे जाऊ देत नाही. चांगल्या लोण्यात साधारण ८२ टक्के स्निग्धांश आणि सुमारे १६ टक्के पाणी असते. भट्टीत या पाण्याची आणि पिठातल्या ओलाव्याची वाफ होते, ती पापुद्र्यांना एकमेकांपासून दूर ढकलते आणि आत पोकळ्यांची जाळी तयार होते. हे सारे उरकायला अनेक ठिकाणी दोन दिवस लागतात, आणि खाणाऱ्याच्या वाट्याला त्यातले उत्तम असे जेमतेम काही तास येतात.

आता तो कापून पाहू. दातेरी सुरीने मधोमध कापल्यावर काप मोकळ्या जाळीचा दिसावा. पावासारखा भरीव दिसला, तर लोणी पिठात मिसळून गेले होते असे समजावे. तळाशी तेलकट थर असेल, तर फुगताना उष्णता जास्त झाली होती. रंग फिकट सोनेरी नव्हे, चांगला गडद बदामी असावा, कारण लोण्याचा आणि भाजलेल्या पिठाचा खमंगपणा त्याच रंगाबरोबर येतो. ग्राहक दचकतील या भीतीने फिकट रंगावरच क्रोसाँ बाहेर काढणारी स्वयंपाकघरे स्वतःच्या दोन दिवसांच्या मेहनतीवर शेवटच्या काही मिनिटांत पाणी सोडतात, असे मला मनापासून वाटते. दिवस चढतो तसा आतला ओलावा बाहेरच्या कवचात येतो आणि कुरकुरीतपणा जातो. ओव्हनमध्ये काही मिनिटे गरम केल्यावर तो थोड्या वेळापुरता परत मिळतो. मायक्रोवेव्हमध्ये मात्र पापुद्रे वातड होतात. म्हणून क्रोसाँची चव पाहायची तर सकाळीच जावे.

सारण भरलेल्या पेस्ट्र्यांची मुदत आणखी कमी. एक्लेअरचे कवच ज्या शू पिठाचे असते ते दोनदा शिजते: आधी पाणी, लोणी आणि मैदा चुलीवर, मग अंडी फेटून घातल्यावर भट्टीत. त्यात यीस्ट नसते, बेकिंग पावडरही लागत नाही. पिठातल्या पाण्याची वाफच त्याला फुगवते आणि पोकळ करते. मिल-फॉय म्हणजे कुरकुरीत पापुद्र्यांच्या मध्ये कस्टर्ड भरलेली पेस्ट्री. तिच्या पफ पेस्ट्रीला पारंपरिक पद्धतीने सहा तिहेरी घड्या पडतात, म्हणजे हिशेबाने लोण्याचे ७२९ थर होतात. या दोन्हींच्या पोटात कस्टर्ड भरले की त्याच क्षणापासून ओलावा कवचात शिरू लागतो. त्यामुळे मिल-फॉय मागितल्यावर आतून पिशवीने कस्टर्ड भरून आणून देणारे कॅफे दिसले, तर दहा मिनिटे थांबावे लागले तरी थांबावे.

कस्टर्डकडेही नीट लक्ष द्यावे. अंड्याच्या बलकात स्टार्च तोडणारे अमायलेज नावाचे विकर असते. मिश्रण उकळी येईपर्यंत शिजवले नाही, तर हे विकर शाबूत राहते आणि घट्ट झालेले कस्टर्ड काही तासांत पातळ पडते. जिभेवर पिठूळपणा जाणवला किंवा कापताच भरण वाहू लागले, तर दोष बहुधा चुलीवर वाचवलेल्या त्या एक-दोन मिनिटांचा असतो. कस्टर्डमध्ये दिसणारे व्हॅनिलाचे बारीक काळे दाणेही वेळेचीच साक्ष देतात. व्हॅनिलाचे फूल केवळ एक दिवस उमलते आणि मळ्यात त्या काही तासांत हाताने परागीभवन केले नाही तर सहसा शेंग धरत नाही. ही हाताची सोपी रीत १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधून काढली. ज्या सुगंधावर जगभरातली पेस्ट्रीची दुकाने उभी आहेत, तो या मुलाच्या बोटांमुळे मळ्यांमध्ये सर्वत्र पिकू लागला, आणि त्याचे नाव पेस्ट्रीवरच्या कोणत्याही कार्यक्रमात घ्यायलाच हवे.

काही पदार्थांना घाई मानवत नाही. ते मुरावे लागतात. व्हिएन्नाचा साखरटोर्ट १८३२ साली फ्रान्झ साखर (हे त्याचे आडनाव) याने शिकाऊ असताना बनवला असे सांगितले जाते. चॉकलेट केक, जर्दाळूचा जॅम आणि वर चॉकलेटचे गुळगुळीत आवरण, एवढाच त्याचा साज. जॅमचा थर केकला सीलबंद करतो, त्यामुळे तो लवकर कोरडा पडत नाही आणि दुसऱ्या दिवशी जॅमची आंबटगोड चव चॉकलेटमध्ये अधिक मिसळलेली लागते. हा जॅम केकच्या मध्येही हवा की फक्त आवरणाखाली, हादेखील हॉटेल साखर आणि देमेल ही मिठाईची पेढी या व्हिएन्नातल्या दोन प्रसिद्ध नावांमधल्या प्रदीर्घ वादाचा एक मुद्दा होता. तो वाद १९६३ साली तडजोडीने मिटला. मॅकारॉनचेही असेच आहे. बदामाच्या चकत्यांमध्ये सारण भरून ते एक दिवस थंडाव्यात ठेवले की चकती आतून मऊ होते आणि बाहेरचा पातळ पापुद्रा तसाच राहतो. त्यामुळे काचपेटीतल्या सगळ्याच पदार्थांबद्दल ‘आजचे आहे का’ असे विचारणे बरोबर नाही.

रेस्टॉरंटच्या टेबलावर येणाऱ्या डेझर्टची गोष्ट वेगळी आहे. तिथे काचपेटी नसते. पदार्थ कधी पूर्ण करायचा आणि कधी वाढायचा हे सर्वस्वी स्वयंपाकघराच्या हातात असते, म्हणून तिथे वेळेच्या बाबतीत सवलत देऊ नये. क्रेम ब्रुलेवरची जळकट गोड काच हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. थंड कस्टर्डवर साखर पसरून ज्योतीने तिचे करॅमल करतात, आणि हे करॅमल खालून कस्टर्डचा व वरून हवेचा ओलावा ओढून घेत थोड्याच वेळात चिकट होते. चमच्याचा ठोका बसताच कवच स्पष्ट आवाज करून फुटले, वरचा भाग कोमट आणि खालचा थंड लागला, तर ज्योत आपल्यासाठीच पेटली होती हे कळते. सूफ्लेला तर मिनिटांचीच मुदत असते: फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यातली हवा भट्टीत प्रसरण पावते आणि बाहेर आल्यावर निवताना आक्रसते. सूफ्ले आधी सांगून ठेवावा लागतो, आणि तो आल्यावर छायाचित्रे काढत बसणे म्हणजे तो वाया घालवणे.

मूसचे चकचकीत केक मात्र आधी गोठवलेले असतात, कारण वरचे आरशासारखे आवरण गोठलेल्या पृष्ठभागावरच सारखे बसते. त्यानंतर कित्येक तास फ्रिजमध्ये ठेवून त्यांचा गोठलेपणा सावकाश उतरू द्यावा लागतो. मधोमध बर्फाचे कण लागले, तर तो केक वेळेआधी बाहेर आला आहे. फार थंड पदार्थाचा गोडवा आणि सुगंध दोन्ही दबतात. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठते आणि त्यांतला कारागिराला हवा असलेला पाचवा प्रकार सुमारे ३४ अंशांवर, म्हणजे तोंडातल्या उबेने वितळतो. फ्रिजमधून आलेल्या चॉकलेटच्या पदार्थाला ती ऊब मिळायला वेळ द्यायला हवा, म्हणून तो दहा-पंधरा मिनिटे टेबलावर राहू द्यावा.

एका बैठकीत अनेक पदार्थ चाखायचे असतील, तर चार-पाचांच्या पुढे जाऊ नये आणि ते सोबत्यांमध्ये वाटून घ्यावेत. हलक्या चवीचे आधी, चॉकलेट आणि कॉफी शेवटी. मधून साधे पाणी. पिस्त्याचे क्रीम झगझगीत हिरवे दिसले, तर तो रंग पिस्त्याचा नसण्याची शक्यता जास्त, कारण निव्वळ पिस्त्याची पेस्ट मंद, पिवळसर हिरवी असते.

आणि आता हाय टी, जिथे इतका वेळ पाहिलेली सारी वेळापत्रके एकाच तीनमजली स्टँडवर एकत्र येतात. १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये उच्चवर्गीय घरांतले रात्रीचे जेवण उशिरावर गेले होते, आणि बेडफर्डची डचेस अ‍ॅना हिने दुपारी चहाबरोबर काही खाण्याची प्रथा रूढ केली असे मानले जाते. आज शहरांतली हॉटेले हाय टी म्हणून जे मांडतात ते खरे तर या दुपारच्या चहाचे रूप आहे. कामकरी कुटुंबांचा हाय टी म्हणजे कामावरून परतल्यावर मांस, पाव आणि चहा असे भरपेट संध्याकाळचे जेवण असे. हा चहा हवेलीतून शहरात आणला तो चहागृहांनी. एरेटेड ब्रेड कंपनीने १८६४ साली लंडनमध्ये चहागृह सुरू केले, पुढे १८९४ साली लायन्सचे पहिले चहागृह पिकॅडिलीवर उघडले, आणि पुरुष सोबत नसताना स्त्रियांना निर्धास्तपणे बसता येईल अशी जागा शहरात निर्माण झाली. पेस्ट्रीच्या इतिहासात मला ही गोष्ट कोणत्याही राजेशाही केकपेक्षा मोठी वाटते.

या स्टँडवरच्या सँडविचच्या कडा काही मिनिटांतच सुकू लागतात, म्हणून ती वाढेपर्यंत ओलसर कापडाखाली राखावी लागतात. स्कोन हा छोटा, पावासारखा भाजलेला पदार्थ बेकिंग पावडरवर फुगतो. यीस्ट न सोसणाऱ्या पत्नीसाठी आल्फ्रेड बर्ड याने १८४३ साली तयार केलेल्या बेकिंग पावडरने अशा झटपट भाजण्याच्या पदार्थांना मोठा हात दिला. भट्टीतून निघाल्यावर पहिल्या तासातला स्कोन आणि त्यानंतरचा स्कोन यांत मोठा फरक असतो. त्यावर आधी जॅम की आधी क्लॉटेड क्रीम, म्हणजे दाट साय, यावरून कॉर्नवॉल आणि डेव्हन या इंग्लंडच्या दोन शेजारी परगण्यांचे जुने भांडण आहे. कॉर्नवॉल आधी जॅम लावते, डेव्हन आधी क्रीम. किमान ५५ टक्के स्निग्धांशाचे ते कॉर्निश क्रीम गरम स्कोनवर थेट लावले तर वितळून ओघळते, त्यामुळे स्कोन गरम असेल तेव्हा माझा कौल कॉर्नवॉलला.

चहालाही मुदत आहे. काळ्या चहाची पाने साधारण तीन ते पाच मिनिटे मुरावीत. त्यापुढे किटलीतच राहिली तर दुसरा कप कडू येतो. चहातल्या टॅनिन या द्रव्याचा तुरटपणा तोंडातला लोण्याचा लेप काढून पुढच्या घासासाठी जीभ मोकळी करतो, आणि चहात दूध घातले की त्यातले केसीन हे प्रथिन टॅनिनला बांधून ठेवत असल्याने हे काम मंदावते. म्हणून क्रीमच्या पदार्थांबरोबर कोरा दार्जिलिंग घ्यावा, दुधाचा कडक आसाम सँडविच आणि स्कोनबरोबर शोभतो. खाण्याचा क्रम आधी खारे, मग स्कोन, शेवटी गोड असा ठेवावा, कारण गोडानंतर काकडीच्या सँडविचची नाजूक चव जिभेला लागतच नाही.

तीन मजले खचाखच भरून एकाच वेळी समोर आलेला स्टँड छायाचित्रात सुरेख दिसतो. पण आपले सँडविच संपेपर्यंत त्यावरचा स्कोन गार होतो आणि छोट्या एक्लेअरचे कवच मऊ पडते. मला पटतो तो हाय टी असा: आधी फक्त सँडविच येतात, ती संपल्याचे पाहून स्कोन रुमालात गुंडाळून गरम येतात, आणि गोडाची थाळी व नव्या पानांची दुसरी किटली त्यानंतर, मागितल्यावर येते. त्यासाठी स्वयंपाकघराला एका टेबलाकडे तीनदा यावे लागते, आणि टेबल राखून ठेवताना आपण विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा की स्कोन कधी आणता.